एक करबदल, पाच ब्लॉग: सप्टेंबर २०२५ मधलं एक प्रकरण

३ सप्टेंबर २०२५ ला रात्री दिल्लीत जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक संपली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास जाणार, ५ आणि १८ हे दोनच मुख्य दर उरणार, आणि बहुतेक वस्तूंसाठी हे २२ सप्टेंबरपासून म्हणजे घटस्थापनेपासून लागू होणार, असं जाहीर झालं. व्यापारी बिलाच्या सॉफ्टवेअरच्या मागे लागले. नाशिकमध्ये आम्ही तिघं मिळून पाच वेगवेगळ्या व्यवसायांचे ब्लॉग सांभाळतो. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. या पाचही ठिकाणी गेल्या काही वर्षांत जागोजागी जुना दर लिहिलेला होता. तो कोण बदलणार, कधी बदलणार आणि कोणाच्या सांगण्यावरून?

अनेक ब्लॉग चालवायचे म्हटलं की लोक विचारतात, एवढे विषय सुचतात कसे, वेळ कसा पुरतो? विषय सुचतात आणि वेळही कसाबसा पुरतो. अडचण असते ती आधी लिहून ठेवलेलं खरं ठेवण्याची. प्रत्येक धंद्यातली माहिती आपापल्या गतीने जुनी होते, आणि ती जुनी झाल्याचं आधी वाचकाच्या लक्षात येतं, आपल्याला नंतर कळतं. तो सप्टेंबर या गोष्टीचा इतका लख्ख नमुना होता की तो सविस्तर मांडून ठेवावासा वाटला.

पाच जण, पाच वेळापत्रकं

पहिला ब्लॉग एका सीए कार्यालयाचा. दुसरा पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या दुकानाचा. वाचक म्हणजे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. तिसरा चिवडा-फरसाण करणाऱ्या एका कुटुंबाचा, चौथा त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या एका हॉटेलचा आणि पाचवा एका दंतवैद्य मॅडमच्या क्लिनिकचा. नावं कोणाचीच देत नाही, त्यांची गरजही नाही.

या पाचही जणांचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. सीए सरांचं वर्ष मुदतींवर चालतं. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला आगाऊ कर. ठिबकवाल्या दादांचं वर्ष द्राक्षाच्या छाटणीवर: एप्रिलात वेलीच्या वाढीसाठीची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची गोडी छाटणी, सटाण्याकडचे अर्ली छाटणीवाले त्याच्याही आधी. फरसाणवाल्या काकूंचं वर्ष श्रावणात तापायला लागतं आणि दिवाळीत उतू जातं. हॉटेलवाल्या भाऊंचे हंगाम श्रावणी सोमवार, नारायण नागबळीसाठी येणारी गुजरातकडची कुटुंबं आणि आता डोळ्यांपुढे दिसणारा सिंहस्थ. त्र्यंबकेश्वर-नाशिकचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, हे जून २०२५ मध्येच जाहीर झालं होतं. मॅडमच्या क्लिनिकला हंगाम असा नाहीच. शाळांच्या सुट्ट्यांत मुलांची गर्दी तेवढी वाढते.

एरवी ही विसंगती सोयीची असते, कारण एकाचा हंगाम ओसरला की दुसऱ्याचा सुरू होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र सगळं एका पंधरवड्यात येऊन आदळलं. ६ तारखेला अनंत चतुर्दशी. प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली. पाऊस लांबलेला, त्यामुळे छाटणीची तारीख धरावी की सोडावी या घोरात बागायतदार. काकूंकडे दिवाळीच्या मालाची तयारी सुरू. आणि या सगळ्यावर हा करबदल.

त्यातून एक गोष्ट ठळक झाली. धंद्याचं ज्ञान ज्या माणसाकडे असतं, तो माणूस नेमका गरजेच्या वेळी हाती लागत नाही. १५ सप्टेंबरच्या आधीच्या आठवड्यात सीएला फोन करून ‘या परिच्छेदावर एक नजर टाकता का’ असं विचारणं योग्य नाही. त्यात १५ ला मध्यरात्रीच्या सुमारास मुदत आणखी एका दिवसाने वाढली, म्हणजे १६ सुद्धा गेली. ब्लॉग पाच असले की अशी माणसं पाच, आणि त्यांच्या मोकळ्या वेळा पाच तऱ्हेच्या. अनेक ब्लॉग सांभाळणाऱ्याच्या कॅलेंडरात लेखांच्या तारखांआधी या माणसांच्या मोकळ्या तारखा हव्यात.

‘शोधा आणि बदला’ का चाललं नाही

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच होता. पाचही संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत. डेटाबेसमध्ये ‘१२ टक्के’ शोधायचं, ‘५ टक्के’ करायचं, काम संपलं. सुदैवाने आधी नुसती यादी काढून पाहिली.

सीए सरांच्या ब्लॉगवर ‘१२ टक्के’ सर्वात जास्त वेळा आलं होतं ते भविष्य निर्वाह निधीच्या लेखांत. कर्मचाऱ्याच्या पगारातून जाणारा वाटा १२ टक्के असतो, त्याचा जीएसटीशी काही संबंध नाही. ठिबकच्या ब्लॉगवर १२ चा आकडा विद्राव्य खतांच्या लेखांत भरलेला होता: १२:६१:०० या खतात नत्र १२ टक्के. तिथे ५ झालं असतं, तर बागायतदाराच्या खताच्या मात्रेचा हिशेब चुकला असता. करदराची चूक ग्राहक दुकानात विचारून दुरुस्त करून घेतो. खताच्या मात्रेची चूक वेलीवर दिसते आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी भानगड लिपीची. काही लेखांत देवनागरी आकडे, काहींत इंग्रजी, काहींत टक्क्याचं चिन्ह, काहींत अक्षरी ‘बारा टक्के’. एका शोधात सगळं सापडत नाही. मराठीत ब्लॉग चालवणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं, आणि सुरुवातीपासून एकच पद्धत ठरवून ती कसोशीने पाळणं हाच त्यावरचा उपाय. तिसरी आणि सर्वात चिवट अडचण चित्रांची. काकूंच्या ब्लॉगवर सुट्या आणि पाकिटबंद फरसाणावरच्या कराचा एक छान रंगीत तक्ता होता. तो चित्र म्हणून टाकलेला, म्हणजे शोधात येणारच नाही. शिवाय तो व्हॉट्सअॅपवर फिरत होता. ब्लॉगवरचं चित्र बदलता येतं. लोकांच्या फोनमधलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कितीतरी ठिकाणी जुना १२ टक्के दर बरोबरच होता. ऑगस्टमध्ये दिलेल्या मालाच्या बिलाबद्दलचा लेख ऑगस्टच्या दरानेच बोलणार. आर्थिक वर्ष २०२३-२४ चं विवरण कसं भरायचं हे सांगणाऱ्या लेखात आजचा दर घुसवला तर तो लेखच खोटा होतो. तेव्हा यादीतली प्रत्येक नोंद वाचून तिचे तीन भाग करावे लागले: जिथे दर आजचा म्हणून सांगितला आहे तिथे बदलायचा, जिथे तो त्या काळचा म्हणून सांगितला आहे तिथे तसाच ठेवून वर तारखेची टीप द्यायची, आणि जिथे १२ हा आकडा भलताच आहे तिथे हात लावायचा नाही. हे काम यंत्राला देता आलं नाही, आणि माझ्या मते देऊही नये. ते करणाऱ्याला लेख कोणासाठी आणि कधी लिहिला होता हे ठाऊक असावं लागतं.

तीन तारखेपासून सतरा तारखेपर्यंत

४ सप्टेंबरला सकाळी सगळी वृत्तपत्रं ‘जीएसटी घटला’ म्हणत होती. सीए सरांनी मात्र त्यांच्या ब्लॉगवर तो शब्द येऊ दिला नाही. परिषद शिफारस करते. दर बदलतो तो अधिसूचनेने. त्या अधिसूचना १७ सप्टेंबरला निघाल्या. मधल्या दोन आठवड्यांत सरांच्या ब्लॉगवर ‘परिषदेने शिफारस केलेले दर’ असंच वाक्य होतं, आणि १७ नंतर त्याच लेखात अधिसूचनेचा उल्लेख करून ते बदललं.

सीएंच्या ब्लॉगला आणखी एक कुंपण आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम १९४९ च्या पहिल्या अनुसूचीनुसार पत्रकं, जाहिराती काढून व्यवसाय मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. सीएंच्या संस्थेने वेळोवेळी काही मोकळीक दिली असली तरी मूळ शिस्त तीच. ‘आजच संपर्क करा, आम्ही तुमचं काम सोपं करू’ असं वाक्य फरसाणाच्या ब्लॉगवर निरुपद्रवी असेल, सीएच्या ब्लॉगवर ते त्याच्या सनदेपर्यंत जाऊ शकतं. दंतवैद्यांच्या आचारसंहितेतही स्वतःची जाहिरात करून रुग्ण ओढण्यावर बंधनं आहेत. काकूंना वेगळंच बंधन: अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये लेबल आणि जाहिरातींत ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं होतं. जुने दर शोधताना काकूंच्या ब्लॉगवर ‘१०० टक्के शुद्ध शेंगदाणा तेल’ असं वाक्य सापडलं आणि ते ‘शेंगदाणा तेलात तळलेला’ असं झालं. मला हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. त्यात दावा कमी आणि माहिती जास्त आहे.

तर एकच बातमी सरांच्या ब्लॉगवर ‘शिफारस’ म्हणून, इतरांकडे ‘२२ पासून लागू होणार’ म्हणून. शब्द वेगळे असले तरी चालतील, तारीख आणि आकडा वेगळा असून चालणार नाही. नाशिक जिल्ह्यात सगळे एकमेकांच्या ओळखीतले. द्राक्षवाल्या शेतकऱ्याचा मुलगा सीए सरांकडे विवरणपत्र भरतो, त्याच्या घरी दिवाळीला काकूंचा चिवडा जातो. दोन ब्लॉगवर दोन तारखा दिसल्या तर दोघांवरचाही विश्वास जातो, आणि दोन्ही एकाच हाताने लिहिलेत हे त्याला ठाऊकही नसतं.

मग एकच लेख लिहून पाचही ठिकाणी का लावला नाही? तो मोह मोठा असतो, वेळ नसताना तर फारच. गुगलने मार्च २०२४ पासून घाऊक भावाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध धोरण कडक केलं आहे, हे एक कारण. पण गुगल नसतं तरी तो लेख चुकीचाच ठरला असता, कारण पाचही वाचकांचे प्रश्न वेगळे होते. खरा पेच तिथेच होता.

ठिबकचं दुकान: सांगावं की थांबावं

ठिबक आणि तुषार संचांवरचा कर १२ वरून ५ वर येणार होता. दादांना ३ तारखेच्या रात्रीच कळलं आणि ४ तारखेला त्यांचा पहिला निरोप आला: २२ पर्यंत याबद्दल काही टाकू नका.

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. दर उतरणार हे कळलं की गिऱ्हाईक थांबतं. गोदामात १२ टक्के कर भरून आणलेला माल पडलेला. छाटणीच्या तोंडावर नवी बाग लावणारे, जुन्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, बदलणारे येतात. हेच दोन आठवडे रिकामे गेले तर महिन्याचा हिशेब बिघडतो. सीए सरांच्या दृष्टीने ही बातमी लवकर आणि नेमकी सांगणं हे कर्तव्य होतं. दादांच्या दृष्टीने तीच बातमी न सांगण्यात फायदा होता. वस्तुस्थिती एक, आणि दोन ब्लॉगचं हित परस्परविरुद्ध. अनेक व्यवसायांसाठी लिहिणाऱ्याने हा प्रसंग गृहीतच धरायला हवा. तो कधीतरी येतोच.

आम्ही दादांना सांगितलं की बातमी लपणार नाही, ती टीव्हीवर आलीच आहे. शेतकरी विचारणार आहे तो एवढंच की माझ्या दुकानदाराने मला सांगितलं का. आणि सांगण्यासारखं होतंही बरंच, जे टीव्हीवर येत नव्हतं. १२ चे ५ झाले म्हणजे भाव ७ टक्क्यांनी उतरला, असं सगळे म्हणत होते. करासकट ११२ रुपयांची वस्तू १०५ ला मिळणार, म्हणजे उतार सव्वासहा टक्क्यांचा. अनुदानावर संच घेणाऱ्याचा हिशेब आणखी निराळा. महाराष्ट्रात केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेला राज्याची जोड मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या मर्यादेत. त्यामुळे करातली घट शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला किती येईल हे प्रत्येक प्रस्तावात वेगळं निघणार.

लेख शेवटी असा झाला: ड्रिपर बुजलेत, लॅटरल फुटलीय, छाटणी तोंडावर आहे, तर थांबू नका, शे-दोनशे रुपयांसाठी पाण्याचा खोळंबा परवडणारा नाही. नवा प्लॉट उभारायचाय, फिल्टर आणि मेनलाइन घ्यायचीय, तर २२ नंतर घ्या, कोटेशन मात्र आत्ता करून ठेवा. दादांनी तो वाचला, एक वाक्य स्वतःच्या बोलीत बदललं आणि म्हणाले, “टाका. येणारा माणूस येईल.” त्या दोन आठवड्यांत विक्री मंदावली, ती मंदावणारच होती. पण कोटेशनसाठी फोन येत राहिले, आणि फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण सव्वासहाचा हिशेब स्वतःहून बोलून दाखवत, असं दादांनीच नंतर सांगितलं. दादांचा निर्णय धाडसाचा होता. लिहिणं आमचं, नुकसानीची शक्यता त्यांची, हे विसरून चालत नाही.

पाकिटावरची किंमत

काकूंकडचा गुंता सर्वात बारीक. २२ सप्टेंबरच्या आधी पाकिटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर १२ टक्के आणि सुट्यावर ५ टक्के कर होता. पाकीट महाग आणि सुटा माल स्वस्त का, या ग्राहकांच्या कायमच्या प्रश्नाला ब्लॉगवर जुनं उत्तर होतं, वर सांगितलेल्या रंगीत तक्त्यासकट. आता दोन्ही ५ वर आले आणि त्या लेखाचा पायाच गेला. तो दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. मथळ्याखाली ‘२१ सप्टेंबर २०२५ पर्यंतची स्थिती’ अशी ओळ टाकली, तक्त्यावर तोच शिक्का मारला, आणि वरच्या बाजूला नव्या लेखाचा दुवा दिला.

नवा लेख कोणत्या प्रश्नावर लिहायचा हे काकूंच्या सुनेने सांगितलं, कारण दुकानात गल्ल्यावर ती बसते. लोक विचारणार होते: पाकिटावर जुनी किंमत छापलीय, मग तुम्ही जास्त घेताय का? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ९ सप्टेंबरला शिल्लक मालावर नवी किंमत स्टिकरने किंवा शिक्क्याने लावायला परवानगी दिली, वर्षअखेरपर्यंत, काही अटींवर. वृत्तपत्रात जाहिरात देण्याची अटही त्यात होती. घरगुती धंद्याला ही अट भारी. आम्ही लेख लिहून ठेवला, पण काकूंच्या पुतण्याने वजन-मापं आणि पाकिटांवरचा मजकूर तपासणाऱ्या वैधमापनच्या कार्यालयात विचारणा केली होती, तिचं उत्तर येईपर्यंत तो थांबवला. आणि १८ सप्टेंबरला विभागाने सुधारित सूचना काढली: शिल्लक मालावर नवं स्टिकर लावणं ऐच्छिक, वृत्तपत्राची अट गेली, जुनं छापील वेष्टन ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरता येणार. नऊ दिवसांत नियम फिरला. लेख १० तारखेला गेला असता तर आठवडाभरात जुना झाला असता, आणि काकूंकडून माल नेणारे छोटे दुकानदार तो वाचून विनाकारण स्टिकरं छापत बसले असते.

मग लेखात एवढंच सांगितलं: पाकिटावर जुनी किंमत दिसली तरी आकारणी नव्या दराने होईल, बिलावर ५ टक्के पाहून घ्या. दहा रुपयांच्या पाकिटाबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला. करातली घट हिशेबाने धरली तर त्याची किंमत ९ रुपये ३८ पैसे होते. सुट्टे देणार कोण? तेव्हा किंमत तीच ठेवून वजन वाढवायचं, ३० ग्रॅमचं ३२ ग्रॅम, असा हिशेब मांडून दाखवला. हा परिच्छेद सर्वात जास्त वाचला गेला याचं मला नवल वाटलं नाही. लोकांना आकडेमोड दाखवली की विश्वास बसतो.

हॉटेल आणि क्लिनिक

दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोल्यांवर कर १२ वरून ५ झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हॉटेलला मिळणार नाही या अटीवर. भाऊंनी गाद्या, पडदे, रंगकाम नुकतंच केलेलं. त्यांना मूळ भाडं थोडं वाढवावं लागणार होतं. म्हणून त्यांच्या ब्लॉगवर ‘स्वस्त’ हा शब्द आला नाही. मूळ भाडं वेगळं, कर वेगळा, एकूण वेगळं, असा साधा तक्ता दिला. मजकूर म्हणून दिला, चित्र म्हणून नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न नाजूक होता. नवरात्रातल्या मुक्कामाचे पैसे काहींनी ऑगस्टमध्येच भरलेले. त्यांना कोणता दर? केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४ मध्ये याचं उत्तर आहे: सेवा बदलानंतर दिली असेल आणि बिलही बदलानंतरचं असेल, तर पैसे आधी आले असले तरी नवा दर; बिल आणि पैसे दोन्ही आधीचे असतील तर जुना. आता, आमच्याकडे एक सीए आहेत म्हणून भाऊंचा प्रश्न त्यांना विचारून टाकणं सोपं होतं. आम्ही तसं केलं नाही. भाऊंचे सीए वेगळे आहेत, त्यांच्या वह्या त्यांनी पाहिल्या आहेत, उत्तराची जबाबदारीही त्यांचीच. सरांचं ज्ञान सरांच्या ब्लॉगसाठी आमच्याकडे येतं; ते परस्पर दुसऱ्याला वाटण्याचा हक्क आम्हाला नाही. उलट बाजूनेही तेच. सरांच्या ब्लॉगवर कलम १४ वर लेख झाला तेव्हा त्यात हॉटेलचं उदाहरण घेतलं नाही, कार्यालयासाठी वार्षिक करारावर नेमलेल्या सफाई सेवेचं घेतलं. एका ग्राहकाच्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या ओसरीवर सांगायची नाही.

क्लिनिकच्या ब्लॉगवर आम्ही काहीच लिहिलं नाही. दंतोपचाराच्या सेवेवर आधीपासूनच जीएसटी नाही. टूथपेस्ट आणि ब्रश १८ वरून ५ वर आले होते, त्यावर हलकाफुलका लेख सहज झाला असता. सगळे लिहीत होते. मॅडम म्हणाल्या, माझे रुग्ण माझ्याकडे टूथपेस्टचा भाव बघायला येत नाहीत. पाच ब्लॉगपैकी एकाला त्या महिन्यात शांत ठेवणं हाही कामाचाच भाग होता.

कामाची आणि पैशाची नवी मांडणी

सप्टेंबर संपता संपता मराठवाड्यात अतिवृष्टीने पूर आले, बागायतदारांची छाटणी आणखी पुढे गेली. लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबरची मुदत २५ तारखेला एक महिन्याने वाढली, म्हणजे सरांच्या ब्लॉगवर पुन्हा तारीख बदल. तेव्हा आम्ही एक नोंदवही केली. साधी ऑनलाइन शीट. लेखांची यादी तिच्यात नाही; तिच्यात नोंद आहे ती जुन्या होणाऱ्या प्रत्येक माहितीची. दर, मुदत, भाव, अनुदानाची टक्केवारी, खताची शिफारस, कायद्याचं कलम, सिंहस्थाची तारीख. प्रत्येकीपुढे ती कोणकोणत्या लेखांत आली आहे, मजकुरात आहे की चित्रात, ती खरी आहे हे कोणी सांगितलं, पुन्हा कधी पाहायची, आणि त्या काळात तो सांगणारा माणूस मोकळा असतो का. शेवटचा रकाना सर्वात उपयोगी ठरला. सरांना विचारायचे प्रश्न आता मुदतीच्या आठवड्यात जात नाहीत, आधीच्या पंधरवड्यात एकत्र जातात.

औषधांच्या शिफारशींना या वहीत वेगळा रंग आहे. द्राक्षावर कोणतं कीडनाशक चालतं हे त्या पिकासाठीच्या नोंदणीवर, म्हणजे शेतकरी ज्याला लेबल क्लेम म्हणतात त्यावर, ठरतं. आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हेही ठरलेलं असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षं अडवली होती, तो फटका या पट्ट्यातल्या घराघरांत आठवतो. ठिबकच्या ब्लॉगवरचा फवारणीचा जुना सल्ला कोणी निर्यातीच्या प्लॉटवर वापरला, तर तिथे दुरुस्तीची टीप कामाला येत नाही. असे लेख आता मुदत उलटली की आपोआप खाली उतरतात आणि तपासल्यावरच परत चढतात.

आता पैशाचं. आतापर्यंत आमचा हिशेब लेखावर होता: महिन्याला इतके लेख, इतकी रक्कम. जुन्या लेखांची निगा त्यात कुठेच नव्हती, आणि जे बिलात नसतं ते कामातही मागे पडतं. नाशिकसारख्या ठिकाणी छोट्या व्यावसायिकाला ‘नवीन काही दिलं नाही, तरी पैसे द्या’ हे पटवणं जड जातं. पण त्या सप्टेंबरनंतर पाचपैकी चौघांनी ते मान्य केलं. नवे लेख कमी, आणि महिन्याच्या रकमेत देखरेख धरलेली. पाचव्यांचं, भाऊंचं, म्हणणं पडलं की सिंहस्थ येईपर्यंत मला नवं जास्त लागेल. तेही खरं आहे. त्यांच्याकडे लेखाचा जुनाच हिशेब ठेवला, मात्र सिंहस्थाच्या तारखा आणि भाड्याचे तक्ते एवढं आम्ही पाहतो.

हे लिहिताना वहीतली सर्वात मोठी रांग सीए सरांची आहे. प्राप्तिकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो, १९६१ च्या कायद्याच्या जागी. कलमांचे आकडे बदलतात, ‘पूर्व वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं. सरांच्या ब्लॉगवरचे बहुतेक सगळे लेख जुन्या कलमांवर उभे आहेत, आणि जुन्या वर्षांच्या विवरणांसाठी, नोटिशींसाठी ते लागतच राहणार. म्हणून ते पुसायचे नाहीत. प्रत्येकावर ‘हा लेख कोणत्या वर्षांसाठी’ ही ओळ चढवायची, आणि नव्या कायद्यासाठी वेगळे लिहायचे. काकूंच्या ओळीत ३१ मार्च २०२६ आहे, जुन्या वेष्टनाची शेवटची तारीख. दादांच्या ओळीत त्याच सुमाराला खरड छाटणी. तिन्ही एकाच आठवड्यात येत असल्याने सरांनी आपले लेख फेब्रुवारीतच तपासायला घ्यायचं कबूल केलं आहे, आणि काकूंच्या सुनेने वेष्टनाचा नवा मजकूर छपाईला जाण्याआधी आमच्याकडे पाठवायचं.